'लाइफटाइम टॅक्स पेड', पण कुठे? जुन्या गाड्या विकणाऱ्यांना एक खुलं पत्र

मुंबई-ठाण्यातल्या समस्त जुन्या गाड्यांच्या डीलर शेठ, दादा आणि एजंट मंडळींना,

स. न. वि. वि.

आधीच सांगते, शिव्या घालायला हे पत्र लिहीत नाहीये. घालायच्या होत्या तेव्हा मनातल्या मनात भरपूर घालून झाल्यात, आता वर्ष होत आलं, गाडी दारात उभी आहे, चांगली चालते, एसी गार आहे, सासूबाई खूश आहेत. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि ती तुम्हालाच सांगायला हवी कारण ती बदलणं तुमच्याच हातात आहे आणि त्याला खर्च किती, तर एका मार्कर पेनचा.

मी मुलुंडला राहते. एका पतपेढीत कर्ज विभागात आहे, अठरा वर्षं झाली. माझं कामच कागद बघायचं. कुणाच्या सातबाऱ्यावर आधीचा बोजा आहे, कुणाची सॅलरी स्लिप घरी बनवलेली आहे, जामीनदाराची पहिल्या पानावरची सही आणि तिसऱ्या पानावरची सही वेगवेगळी आहे, हे मला चष्मा न लावता दिसतं. आणि तरी मी स्वतः गाडी घेताना आरसीवरच्या तीन अक्षरांवर घसरले. फसवलं असं म्हणता येत नाही हो, कारण ज्यांनी मला गाडी विकली ते एकही वाक्य खोटं बोलले नव्हते. तीच तर पंचाईत आहे.

झालं असं की गेल्या जुलैमध्ये आम्ही ठरवलं की यंदा गणपतीला गावी स्वतःच्या गाडीने जायचं. गाव संगमेश्वरकडे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, ट्रेनचं तिकीट म्हणजे लॉटरी, आणि एसटीत दहा-बारा तास त्यांना बसवत नाही. नवी गाडी परवडणार नव्हती, म्हणून जुनी. हायवेच्या कडेला एका डीलरकडे गेलो, नाव लिहीत नाही, लिहायची गरजही नाही कारण असे पंधरा तरी त्या पट्ट्यात असतील. धो धो पाऊस, निळी ताडपत्री, खाली ओळीने धुतलेल्या गाड्या. एका गाडीच्या काचेवर पांढऱ्या मार्करने लिहिलेलं, सिंगल ओनर, ४२,००० किमी, टॅक्स पेड. किंमत ५ लाख ६०. त्याच मॉडेलची त्याच वर्षाची दुसरी गाडी दोन घरं सोडून दुसऱ्या डीलरकडे ६ लाख ३५ ला उभी होती, तिच्यावर एमएच नंबर होता, हिच्यावर केए.

मी विचारलं ही स्वस्त का. तर म्हणाले, "ताई, बेंगलोरची आहे, आयटीवाल्याची गाडी, घर ते ऑफिस, खड्ड्यात गेलेलीच नाही." (बेंगलोरमध्ये खड्डे नाहीत हे मला तिथेच खटकायला हवं होतं.) टॅक्सचं विचारलं तर आरसीच काढून हातात दिली, "लाइफटाइम पेड आहे ताई, बघा ना, एलटीटी." मी बघितलं. खरंच एलटीटी लिहिलेलं होतं. मोबाइलवर परिवहनच्या साइटवर नंबर टाकला, तिथेही एलटीटी. इन्शुरन्स चालू, पीयूसी चालू, बँकेचा बोजा नाही, ब्लॅकलिस्ट नाही, सगळं हिरवं. पंचवीस हजार टोकन दिलं आणि येताना सगळ्यांसाठी वडापाव घेऊन आले.

दहा दिवसांनी एजंटचा फोन. "ताई, एमएच पासिंगचा टॅक्स भरायला लागेल, कधी पाठवताय?" मी म्हटलं तो तर लाइफटाइम भरलेला आहे. तो म्हणाला, "हो ना, कर्नाटकचा."

आता तुम्ही हसाल की एवढं साधं पतपेढीतल्या बाईला कळू नये? नाही कळलं. आणि मला खात्री आहे की तुमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना नाही कळत. लोकांना वाटतं गाडीचा नंबर, आरसी, टॅक्स, सगळं एकाच सरकारचं. तसं नाहीये. रजिस्ट्रेशनचा कायदा केंद्राचा, १९८८ चा मोटार वाहन कायदा, म्हणून आरसी देशभर सारखी दिसते. टॅक्स मात्र राज्याचा, आपल्याकडे १९५८ चा मोटार वाहन कर कायदा आहे, कर्नाटकचा वेगळा, गुजरातचा वेगळा. म्हणजे आरसीवरचं 'लाइफटाइम' हे गाडीचं आयुष्य नाही, ती त्या राज्यात आहे तोवरचं आयुष्य. राज्य बदललं, गाडी इथल्या माणसाच्या नावावर इथल्या पत्त्यावर आली, की इथला टॅक्स. गाडीची मूळ किंमत धरतात, आपले दर लावतात, आणि गाडी जितकी जुनी तितकी सूट देत रक्कम काढतात. दर म्हणजे पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाख १२, त्याच्या वर १३. डिझेलला त्याच टप्प्यांना १३, १४, १५. सीएनजीला कमी, पण तोही १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढलाय. माझी गाडी नवी असताना दहा लाखांच्या वर होती, मी घेतली साडेपाचला, पण टॅक्सचा हिशोब माझ्या साडेपाचवरून सुरू होतच नाही, तो त्या आयटीवाल्याच्या शोरूमच्या बिलावरून होतो. हे मला एजंटने फोनवर समजावलं तेव्हा मी बँकेच्या कॅलेंडरच्या मागे आकडे लिहीत होते. बेरीज पाऊण लाखाच्या घरात गेली.

पाऊण लाख. म्हणजे पंच्याहत्तर हजाराच्या आसपास. आता वरच्या दोन किमती परत वाचा, ५ लाख ६० आणि ६ लाख ३५.

त्या रात्री मला झोप लागली नाही ती पैशांमुळे नाही, पैसे झाले कसेबसे, आरडी मोडली. झोप लागली नाही कारण माझ्या लक्षात आलं की गाडी स्वस्त नव्हतीच. तुमच्या बाजारात प्रत्येकाला हा हिशोब पाठ आहे, बाहेरच्या पासिंगची गाडी म्हणजे टॅक्स वजा करून भाव, शेंबड्या पोराला पण माहीत. फक्त गिऱ्हाइकाला माहीत नाही. ते बिचारं समजतं की आपण घासाघीस करून सत्तर-ऐंशी हजार वाचवले. मी तर ऑफिसमध्ये सांगत सुटले होते की बघा, अशी शोधायची असते गाडी.

बरं, टॅक्सने संपलं असतं तरी ठीक. बाहेरच्या राज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. ती आली, पण त्यावर कुठल्या आरटीओकडे गाडी जाणार ते लिहिलेलं असतं आणि तिथे लिहिलं होतं ठाणे. डीलरने आधी कुठल्यातरी ठाण्याच्या गिऱ्हाइकासाठी काढून ठेवली होती, ते गिऱ्हाईक फिरलं, मी आले. आम्ही मुलुंडकर, म्हणजे वडाळ्याचं आरटीओ, एमएच ०३. माझ्या घरापासून ठाण्याची हद्द चालत बारा मिनिटं. मुलुंड नाक्यावरचा टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, आता नाका ओलांडायला एक रुपया लागत नाही, पण त्या कागदाला तोच नाका ओलांडायला पाच आठवडे लागले. त्यात विकणारा तो आयटीवाला मुलगा बेंगलोरहून पुण्याला गेलेला, ओटीपी त्याच्या नंबरवर, आणि तो मीटिंगमध्ये. ओटीपी दहा मिनिटांत मरतो, मीटिंग दीड तासाची.

तोवर गाडी चालवायची का? तुमच्यातले म्हणतात, "चालवा हो ताई, बारा महिने कोण विचारत नाही." बारा महिन्यांचं ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं हेच तुमचं सगळ्यात जास्त खपणारं मॉडेल आहे. कायद्याचं कलम ४७ आहे, दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्या. ते बदली होऊन आलेल्या माणसासाठी, जो स्वतःचीच गाडी घेऊन आलाय. मी तर विकत घेतली होती. मालक बदलला की कलम ५० लागतं, घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात असेल तर चौदा दिवसांत आणि राज्याबाहेर असेल तर पंचेचाळीस दिवसांत. आणि विमा तर अजून विकणाऱ्याच्याच नावावर. थर्ड पार्टीचा विमा कायद्याने गाडीबरोबर नव्या मालकाकडे आला असं धरतात, पण माझीच गाडी ठोकली तर तिच्या नुकसानीचे पैसे मागायला माझं नाव पॉलिसीवर हवं, त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला अर्ज. नो क्लेम बोनस तर गाडीबरोबर येतच नाही, तो विकणाऱ्या माणसाचा असतो, फरक आपण भरायचा. हे कळल्यावर मी चावी कपाटात ठेवली. त्या वर्षी गणपतीला आम्ही लालपरीनेच गेलो. सासूबाई पूर्ण रस्ता काही बोलल्या नाहीत, चिपळूणला फक्त एवढंच म्हणाल्या, गाडीला कव्हर घातलंयस ना.

यातला एक दिवस मला फार जवळून आठवतो म्हणून सांगते. एजंट सोसायटीत आला चेसिस प्रिंट घ्यायला. बॉनेट उघडलं, आत फडक्याने पुसलं, नंबर कोरलेल्या पट्टीवर पारदर्शक सेलोटेप चिकटवला, त्याच्यावर शिसपेन्सिल आडवी धरून हळूहळू घासली, आकडे एकेक करून वर आले, मग टेप अलगद उचलून फॉर्मवर चिकटवला. लहानपणी आम्ही वहीखाली नाणं ठेवून घासायचो अगदी तसं. मी विचारलं एवढं सगळं ऑनलाइन झालं तरी हे अजून? तो म्हणाला, "मॅडम, गाडी खोटं बोलत नाही, कागद बोलतात." मग त्यानेच मला एजंट फी साडेसहा हजार सांगितली. कारच्या ट्रान्सफरची सरकारी फी केंद्राच्या नियमात ३०० रुपये आहे, वर स्मार्ट कार्ड, पोस्ट आणि बाकीची फी जाते, पण साडेसहापर्यंत कसं पोचतं हे मी पेन्सिल घासूनही वर आणू शकले नाही.

आणि रिफंड. हा तर तुमच्याकडे उच्चारायचा शब्दच नाही. जिथे आधी लाइफटाइम भरला तिथून गाडी कायमची बाहेर गेली, इथे टॅक्स भरून नवा नंबर मिळाला, की उरलेल्या वर्षांचा टॅक्स तिथल्या आरटीओकडे परत मागता येतो. नवीन आरसीची कॉपी, टॅक्सची पावती वगैरे जोडून अर्ज. पण मागणार कोण आणि पैसे कुणाचे? मी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आंटी, टॅक्स तो मैंने भरा था." बरोबर आहे त्याचं. आणि माझंही बरोबर आहे कारण परत मिळतोय तो मी इथे भरला म्हणून. सौद्याच्या दिवशी एका ओळीत लिहून घेतलं असतं की रिफंड कुणाचा, तर प्रश्नच नव्हता. शेवटी अर्धा अर्धा ठरलं, पोरगा चांगला निघाला. अर्ज गेलाय, पैसे अजून यायचेत.

आता तुम्ही म्हणाल बाहेरची गाडी घेतलीत म्हणून झालं, एमएचची घ्यायची होती. मान्य. पुण्याची एमएच १२, नाशिकची एमएच १५, महाराष्ट्रातली कुठलीही खासगी कार मुंबईत आणली तर वन टाइम टॅक्स (म्हणजे आपल्याकडचा लाइफटाइम) परत लागत नाही, नंबर पण तोच राहतो, फक्त नाव आणि पत्ता बदलायचा. पण एमएचच्या गाडीत पण खड्डे आहेत आणि ते तुम्हालाच माहीत असतात. पिवळ्या पाटीची टुरिस्ट गाडी पांढरी करून विकता ना, तिचा टॅक्स मुळात वेगळ्या पद्धतीने भरलेला असतो, खासगी करताना फरक निघतो, कधी मागची थकबाकी पण निघते. आणि थकलेल्या टॅक्सचं म्हणाल तर १९५८ च्या कायद्यात ते स्पष्ट आहे, आधीच्या मालकाने टॅक्स न भरता गाडी विकली तर तो तर जबाबदार राहतोच, पण ज्याच्या नावावर गाडी आली किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून पण वसूल करता येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर टॅक्स म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा आहे, माणसाला नाही, मालाला चिकटतो. सोनेरी रंगाची गाडी बघून पोरं खूश होतात, तिला आधी पिवळी पाटी होती हे आरसीचा इतिहास काढल्याशिवाय कळत नाही.

पंधरा वर्षं झालेल्या गाड्यांचं तर विचारूच नका. माझा मावसभाऊ साठ हजारात जुनी मारुती घेऊन आला, शिकायला म्हणे. पंधरा वर्षांनी रिपासिंग, रिन्यूअलची फी १ एप्रिल २०२२ पासून कारला ५,००० झाली, वीस वर्षं ओलांडली तर २०२५ पासून १०,०००, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर, वर जुन्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. ती प्लेट १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना लागते, कारला ७४५ आणि जीएसटी, मुदती इतक्या वेळा वाढल्या की लोकांनी मोजायचं सोडलं. शिकायच्या गाडीने त्याला बरंच शिकवलं.

बीएच म्हणजे भारत सीरीजच्या नंबरवाल्यांसाठी पण एक शब्द. बीएच गाडीचा टॅक्स दोन दोन वर्षांचा भरतात, लाइफटाइम नाही. बदलीच्या नोकरीवाले असतात त्यांना सोयीचं. पण ती गाडी घेणारा जर त्यात बसत नसेल तर त्याला राज्याचा नंबर घ्यायचा, राज्याचा टॅक्स भरायचा. काचेवर 'बीएच, भारतात कुठेही' एवढंच लिहिलेलं मी परवाच बघितलं.

जीएसटीचं मात्र मला खरंच तुमच्याशी भांडायचंय. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला कौन्सिलची मीटिंग झाली, जुन्या गाड्यांना १८ टक्के असं टीव्हीवर पट्टीत आलं, आणि तेव्हापासून काही काउंटरवर "मॅडम जीएसटी एक्स्ट्रा" सुरू झालं. अठरा टक्के कशावर? तुमच्या मार्जिनवर. तुम्ही ४ लाख ७० ला घेतली, ५ लाख २० ला विकली, तर मधल्या पन्नास हजारांवर ९,००० रुपये. पाच लाख वीसवर नाही. आणि मी माझी गाडी शेजाऱ्याला विकली तर शून्य, कारण मी धंदा करत नाही. त्या पट्टीच्या जोरावर पूर्ण किमतीवर टक्के लावून घाबरवायचं आणि मग "तुमच्यासाठी सोडतो" म्हणायचं, हे शोभत नाही.

विकणाऱ्यांची बाजू पण ऐका. आमच्या ऑफिसातल्या एका काकांनी पाच वर्षांपूर्वी गाडी डीलरला दिली, ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या जागेत सह्या करून. पैसे लगेच मिळाले म्हणून काका खूश. पुढे ती तीन हातांतून फिरली, पण कागदावर काकांचीच. पहिले ई-चलन आले, मग एक दिवस खालापूरच्या टोलचे पैसे त्यांच्या फास्टॅगमधून गेले, काका तेव्हा दवाखान्यात बीपी तपासत होते. त्यांना मी तो सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल वाचून दाखवला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यात गाडी एकातून दुसऱ्याकडे अशी चार वेळा विकली गेली होती, नाव कुणीच बदललं नाही, मग अपघात झाला, माणूस गेला, आणि कोर्टाने म्हटलं आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. काकांनी बीपीची गोळी वाढवली. खरं तर यासाठी तुमच्याकरताच नियम झालाय, केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये काढला, १ एप्रिल २०२३ पासून लागू, अधिकृत डीलर म्हणून नोंदणी करायची, गाडी ताब्यात घेतली की फॉर्म २९सी ने ऑनलाइन कळवायचं, मग ती विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी डीलरची. ट्रान्सफर, एनओसी, रिन्यूअल, सगळ्याचे अर्ज डीलरला स्वतःला करता येतात. विकणारा पुण्याला मीटिंगमध्ये बसला तरी अडत नाही. मी नंतर चार ठिकाणी विचारलं तुमचं ते सर्टिफिकेट दाखवता का. एकाने दाखवलं, फ्रेम करून लावलंय त्याने, गणपतीच्या फोटोशेजारी. दोघांनी चहा मागवला. एक म्हणाला सीए बघतो.

आमच्या गिऱ्हाइकांचं पण सगळं बरोबर असतं असं नाही, ते मी मान्य करते. "एमएच नको, आहे तशीच चालवतो, टॅक्स वाचेल" म्हणणारे तुमच्याकडे रोज येतात. मी स्वतः दोन दिवस तो विचार केला, नवऱ्याला म्हटलं पण, की वर्षभर चालवू मग बघू. आणि भाव पाडताना पाच हजारासाठी दोन तास बसणारी आम्ही माणसं टॅक्सचा कागद मागायला लाजतो, कारण वाटतं आपलं अज्ञान दिसेल. तुमचं त्यातच फावतं.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. काचेवर जिथे सिंगल ओनर लिहिता, तिथेच खाली अजून एक ओळ लिहा. टॅक्स पेड नको. 'टॅक्स कर्नाटकात भरलाय, एमएचला अंदाजे इतके लागतील, घेणाऱ्याने भरायचे' किंवा 'आम्ही भरून देऊ', जे असेल ते. पिवळ्याची पांढरी केली असेल तर तसं. एनओसी कुठल्या आरटीओच्या नावाने आहे ते. रिफंड कुणाचा ते. आकडा तुम्हाला काढता येतो, माझ्या एजंटने रिक्षात बसून दोन मिनिटांत काढला होता, फक्त टोकन घेतल्यानंतर दहा दिवसांनी. तोच आकडा टोकनच्या आधी सांगितला असता तर मी काय केलं असतं माहितीये? बहुतेक हीच गाडी घेतली असती. रंग आवडला होता. पण मग तुमच्या त्या माणसाचा नंबर मी माझ्या पतपेढीतल्या प्रत्येक वाहन कर्जवाल्याला दिला असता, आणि ते महिन्याला कमी नसतात. आता देते तो त्या फ्रेमवाल्याचा.

दिवाळीच्या आधी धाकट्या दिरासाठी गाडी बघायची आहे. त्याला डिझेल हवीय आणि त्याने आधीच फोनवर एक दिल्लीची शोधून ठेवलीय, नऊ वर्षांची, "एकदम स्वस्त वहिनी". तिकडे दहा वर्षांच्या वरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार असते म्हणून ती इकडे आलीय हे त्याला सांगितलं, टॅक्सचं सांगायचं बाकी आहे. रविवारी आम्ही हायवेला येतोय, सकाळी अकराच्या सुमारास, पाऊस नसला तर. चष्मा लावून येणार आहे.

कळावे,
मुलुंडची एक गिऱ्हाईक